दर दोन दिवसांनी टाकी घासूनही कासवाचं पाणी दुधाळ का?

पत्र: आमच्याकडे दोन वर्षांपासून एक कासव आहे. मुलीच्या दहाव्या वाढदिवसाला तिच्या मामाने आणलं, तेव्हा दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा जेमतेम मोठं होतं. आता पाठ दहा सेंटिमीटर भरते. डोळ्यामागे लाल पट्टा आहे. टाकी दोन फुटी, पाणी वीतभर, तळाला रंगीत खडे आणि कोपऱ्यात छोटा फिल्टर. दर दोन दिवसांनी मी सगळं पाणी ओतून टाकी घासते, खडे चोळून धुते, फिल्टरचा स्पंज स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नळाखाली स्वच्छ होईपर्यंत धुते आणि नव्या पाण्यात तुरटी फिरवते. त्या दिवशी पाणी नितळ असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाळ होतं आणि संध्याकाळपर्यंत वास येतो. खायला सुका जवळा घालतो, सकाळी पोळीचे तुकडेही, ते त्याला फार आवडतात. यजमान म्हणतात, गावच्या विहिरीत कासव आहे, तिथलं पाणी कसं चांगलं राहतं? सासूबाई म्हणतात, देवळाच्या तळ्यात सोडून या, त्याचाही जीव सुटेल. मुलगी रडायला लागते. काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर:

ताई, तुमच्या कष्टांत काहीच कमी नाही. उलट ते गरजेपेक्षा जास्त होताहेत आणि पाणी दुधाळ होण्याचं अर्धं कारण त्यातच आहे. आजपासून दोन गोष्टी बंद करा. टाकी पूर्ण रिकामी करून घासायची नाही आणि पाण्यात तुरटी फिरवायची नाही. यामागचं कारण एकदा कळलं की पुढची कामं आपोआप सुचतील, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुमच्या यजमानांचा प्रश्न अगदी योग्य आहे, तिथूनच सुरुवात करू. दहा फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी धरलं तर ते होतं साधारण २२,००० लिटर. तुमच्या दोन फुटी टाकीत वीतभर पाणी म्हणजे जेमतेम ३६ लिटर. विहिरीतल्या कासवाची घाण तुमच्यापेक्षा सुमारे ६०० पट पाण्यात पसरते. शिवाय तिथे झऱ्याचं नवं पाणी येत असतं, तळाच्या गाळात आणि बांधकामाच्या दगडांवर शेवाळ आणि सूक्ष्मजीव वर्षानुवर्षं बसलेले असतात, आणि त्या कासवाला रोज सकाळी कोणी पोळी घालत नाही. विहिरीचं पाणी चांगलं राहतं ते या सगळ्यामुळे. आपल्याला घरात तेच करायचं आहे: पाणी वाढवायचं, सूक्ष्मजीवांना जगू द्यायचं आणि खाणं मोजून घालायचं.

आता त्या सूक्ष्मजीवांबद्दल. कासवाच्या लघवीतून, विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही. पाणी अगदी नितळ असूनही त्यात भरपूर अमोनिया असू शकतो, आणि कासवाचे डोळे, कातडी यांना त्याचा त्रास होतो. मासा असता तर तो कल्ल्यांनी श्वास घेत असल्याने एव्हाना मेला असता. कासव हवेत श्वास घेतं, त्यामुळे ते तग धरतं आणि आपल्याला वाटतं की सगळं ठीक आहे. या अमोनियाचा बंदोबस्त करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, काचेवर, दगडांवर चिकटून राहतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही विषारीच. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, जे बरंच निरुपद्रवी असतं आणि अधूनमधून थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. ही साखळी नव्या टाकीत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कारण हे जिवाणू फार सावकाश वाढतात. त्यांची संख्या दुप्पट व्हायला साधारण एक दिवस जातो.

तुम्ही दर दोन दिवसांनी त्यांना घासून, चोळून, नळाखाली धरून काढून टाकता. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहावं अशी अपेक्षा आहे, आणि ते योग्यच आहे, त्यामुळेच आपण आजारी पडत नाही. पण त्याच पाण्याखाली स्पंज धरला की त्यावरचे उपयोगी जिवाणू मरतात. म्हणजे दोन वर्षं झाली तरी तुमची टाकी जिवाणूंच्या हिशेबाने अजून पहिल्याच आठवड्यात आहे.

मग दुधाळपणा कुठून येतो? तेही जिवाणूच, पण वेगळ्या जातीचे. हे कुठे चिकटून बसत नाहीत, पाण्यात तरंगतात. पोळीतला स्टार्च, जवळ्याची पूड आणि खड्यांत सडलेलं अन्न हे त्यांचं खाद्य. ते मिळालं की तास-दोन तासांत त्यांची संख्या दुप्पट होते. टाकी नुकतीच घासलेली, स्पर्धा करायला दुसरं कोणी नाही आणि पाण्यात विरघळलेली पोळी, त्यामुळे रात्रीतून पाणी पांढरट होतं. तुम्ही ते ओतून देता आणि हाच खेळ पुन्हा सुरू होतो.

तुरटीचं सांगते, कारण बऱ्याच घरांत कासवासाठी आणि माशांसाठीही ती वापरली जाते. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी हंड्यात घेऊन त्यात तुरटी फिरवायची आपल्या आज्यांची पद्धत खरोखर चांगली होती. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात, मग वरचं पाणी हळूच काढून घ्यायचं. पण कासवाच्या टाकीत वरचं पाणी काढून कुठे घेणार? घाण तळाच्या खड्यांत बसते, कासव फिरलं की पुन्हा उठते. अमोनिया तर विरघळलेला असतो, तो तुरटीने खाली बसतच नाही. आणि तुरटी पाण्याचा क्षारीयपणा कमी करून ते आम्लाकडे नेते, तशा पाण्यात आपले उपयोगी जिवाणू मंदावतात. म्हणजे पाणी दिसायला छान होतं आणि कासवासाठी होतं तसंच राहतं, किंवा बिघडतं. पोटॅशियम परमँगनेट, ब्लीचिंग पावडर, दुकानातली ‘पाणी क्रिस्टल क्लिअर’ करणारी निळी-हिरवी द्रावणं, यांपैकी काहीच घालू नका. तुमच्या टाकीला औषधाची गरज नाही.

खाण्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते. पोळी आजच बंद करा. भात, पाव, बिस्किट, पनीर हेही नाही. कासव ते आवडीने खातं यात शंका नाही, पण त्याच्या अंगी काही लागत नाही आणि पाण्याची वाट लागते. डब्यातला सुका जवळा हाही रोजचा आहार होऊ शकत नाही. त्यातून लागणारी जीवनसत्त्वं पुरेशी मिळत नाहीत. अशा आहारावरच्या कासवांमध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने डोळे सुजून बंद होताना दिसतात. जवळा आठवड्यातून एखाद वेळी खाऊ म्हणून द्या. मुख्य खाणं कासवासाठीच्या चांगल्या तरंगत्या गोळ्यांचं, म्हणजे पेलेट्सचं असावं. तुमच्या कासवाच्या वयाला एक दिवसाआड, त्याच्या डोक्याच्या आकाराएवढ्या ढिगात मावतील एवढ्याच. रोज थोडा पाला द्या: जास्वंदीची पानं आणि फुलं, कोथिंबीर, गाजराचा किंवा लाल भोपळ्याचा कीस. पालक रोज नको. तान्ही कासवं मांस-किड्यांवर जास्त जगतात, मोठी होतात तशी पाल्याकडे वळतात. सुरुवातीला पाला बघून तोंड फिरवेल. धीर धरा, हळूहळू खायला लागेल.

आणि एक पद्धत जरूर करून पाहा. खायला घालताना कासवाला टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या वेगळ्या प्लास्टिकच्या टबमध्ये ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांत ते खातं, बऱ्याचदा तिथेच शी करतं, आणि ती सगळी घाण टबाबरोबर संडासात जाते. टाकीपर्यंत पोचतच नाही. काही कासवं टबमध्ये बिथरतात आणि खात नाहीत. तसं झालं तर जबरदस्ती करू नका. टाकीतच घाला, दहा मिनिटांनी जे उरलं ते छोट्या जाळीने काढून घ्या.

रंगीत खडे काढून टाका, सगळे. दिसायला छान असतात, मुलीला वाईट वाटेल हेही समजतं, पण त्यांच्या फटींत अन्न आणि विष्ठा अडकून कुजते. तुम्हाला येणारा वास बहुतेक तिथलाच आहे. शिवाय लहान खडे कासवं गिळतात आणि ते आतड्यात अडकतात. तळ उघडा ठेवा. अगदीच ओका वाटला तर नदीतले मोठे गुळगुळीत गोटे चार-पाच ठेवा, कासवाच्या डोक्यापेक्षा मोठे.

आता टाकी. हे खर्चाचं आहे, म्हणून बोलायला जड जातं, पण टाळताही येत नाही. कासवाच्या पाठीच्या दर सेंटिमीटरमागे साधारण १५ लिटर पाणी असावं असा पाळणाऱ्यांचा अंदाज असतो. तुमच्या दहा सेंटिमीटरच्या कासवाला आजच १५० लिटर हवं. तुम्ही लाल पट्टा लिहिलात म्हणजे ते लाल कानाचं स्लायडर आहे. या जातीची मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते, नर थोडे लहान राहतात, आणि नीट ठेवलं तर कासव तीस वर्षंही जगतं. नाण्याएवढं पिल्लू प्लास्टिकच्या डबीत विकताना हे कोणी सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो. दुकानदाराने त्या दिवशी एवढंच सांगितलं असतं तर तुमच्या भावाने विचार करून काय ते ठरवलं असतं.

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घेतलीत आणि त्यात ३५ सेंटिमीटर पाणी ठेवलंत तर सुमारे १९० लिटर होतं. सध्यापुरतं ते पुरेल. ठेवताना वजनाचा विचार करा. पाणी, काच आणि स्टँड मिळून अडीचशे किलोच्या आसपास जाईल. बाल्कनीच्या पुढे आलेल्या भागात ठेवू नका, खोलीत भिंतीलगत ठेवा आणि टाकीखाली थर्माकोलची शीट घाला. काचेची टाकी परवडत नसेल तर लाजायचं कारण नाही. पाणी साठवायची प्लास्टिकची आडवी टाकी वरून कापून किंवा दोनशे-तीनशे लिटरचा मोठा टब घेऊनही उत्तम काम होतं. बाजूने कासव दिसत नाही एवढंच. कासवाला त्याने काही फरक पडत नाही.

टाकीत वर चढून पूर्ण कोरडं होता येईल अशी जागा हवीच, आणि तिच्यावर दिवा. ऊन मिळालं नाही तर पाठीवर बुरशी धरते, खवले कुजतात. काचेतून येणाऱ्या उन्हातले उपयोगी किरण गाळले जातात, म्हणून सकाळचं कोवळं ऊन थेट मिळावं किंवा तेच किरण देणारा यूव्हीबी दिवा लावावा. हा विषय मोठा आहे, पाण्याशी त्याचा संबंध एवढाच की दिव्याचा झोत पाण्यावर न पडता त्या कोरड्या जागेवर पडावा, नाहीतर शेवाळ वाढतं.

फिल्टरसाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: डब्यावर लिहिलेलं ‘अमुक लिटरसाठी’ हे माशांच्या हिशेबाने लिहिलेलं असतं. कासव त्याहून कितीतरी जास्त घाण करतं. १९० लिटर पाण्यासाठी ताशी ८०० ते १,००० लिटर फिरवणारा फिल्टर घ्या. कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, चांगला, पण महाग. मला घरगुती वापराला टॉप फिल्टर जास्त आवडतो. पंप पाणी वर चढवतो, टाकीवर ठेवलेल्या ट्रेमधून ते झिरपत खाली येतं. ट्रेमध्ये सर्वांत वर पांढरा फिल्टरचा कापूस, त्याखाली जाड स्पंज, त्याखाली सिरॅमिकच्या रिंगा. कापूस मोठी घाण अडवतो, तो आठवड्याला धुवा किंवा बदला. स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळा, बास. तो तपकिरीच दिसला पाहिजे, तो तपकिरी थर म्हणजेच तुमचे जिवाणू. सिरॅमिकच्या रिंगांना महिनोन्‌महिने हात लावायचा नाही. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी कधीही धुऊ नका. टॉप फिल्टर उघडा असल्याने त्याचा आणखी एक फायदा आहे. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज गेली तर बंद कॅनिस्टरमधला प्राणवायू संपून जिवाणू मरतात आणि आत कुजकं पाणी साचतं. कॅनिस्टर असेल आणि वीज बराच वेळ गेली तर पुन्हा सुरू करण्याआधी त्यातलं पाणी ओतून द्या. ते तसंच टाकीत जाऊ देऊ नका.

नवी टाकी लावल्यावर पहिले सहा आठवडे अवघड जातील, हे आधीच सांगून ठेवते. कोणा ओळखीच्यांकडे जुनी, निरोगी मत्स्यटाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा एक न धुतलेला तुकडा ओला ठेवून घेऊन या आणि तुमच्या फिल्टरमध्ये घाला. दुधाला विरजण लावावं तसं ते काम करतं, सहा आठवड्यांचं काम बरंच लवकर होतं. तुकडा मिळाला नाही तरी बिघडत नाही, फक्त वाट पाहावी लागते. या काळात पाणी एकदा तरी दुधाळ होईल. त्या दिवशी तुमचा हात ब्रशकडे जाईल. जाऊ देऊ नका. दर दोन दिवसांनी एक तृतीयांश पाणी बदला, खाणं आणखी कमी करा आणि फिल्टर चोवीस तास चालू ठेवा. रात्री आवाज होतो म्हणून तो बंद करणारे खूप लोक आहेत, तसं करू नका.

मत्स्यालयाच्या दुकानात थेंब घालून रंग बघायचं किट मिळतं. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तिन्ही मोजणारं घ्या. पहिले दोन शून्य आणि नायट्रेट ४० पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या) खाली, हे आपलं ध्येय. सुरुवातीला अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल आणि नायट्रेट दिसू लागेल. तुमची मुलगी आता बारा वर्षांची आहे. दर आठवड्याला थेंब घालून आकडे वहीत लिहायचं काम तिच्यावर सोपवा. ते तिला नक्की जमेल आणि पाण्यात काय चाललंय हे तिला तुमच्या-माझ्याआधी कळेल.

साखळी बसली की आठवड्याचं काम अर्ध्या तासाचं राहतं. पंचवीस ते तीस टक्के पाणी बदलायचं. आदल्या संध्याकाळी बादल्या भरून उघड्या ठेवा, क्लोरिन बरंचसं उडून जातं. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरिन मिळतं, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. जून-जुलैत नळालाच गढूळ पाणी येतं, तेव्हा ते दिवसभर बादलीत बसू द्या आणि तळाचा गाळ सोडून वरचं घ्या. काढण्यासाठी पारदर्शक प्लास्टिकची नळी वापरा. आधी ती नळाने पूर्ण भरा, दोन्ही टोकं अंगठ्याने दाबा, एक टोक टाकीत आणि दुसरं खालच्या बादलीत सोडा, पाणी आपोआप ओढलं जाईल. तळावरून नळी फिरवली की विष्ठा तिच्यासोबत जाते. नळी तोंडाने ओढू नका, अजिबात नाही. हीटर असेल तर पाणी काढण्याआधी त्याचं बटण बंद करा, उघडा पडलेला तापलेला हीटर तडकतो. डोंबिवलीच्या हवेत तो बहुतेक लागणारही नाही. पाणी २४ ते २८ अंश राहिलं की पुरे. नाशिक-नागपूरच्या थंडीत मात्र लागतो. काचेवर शेवाळ दिसलं तर समोरची काच स्पंजने पुसा आणि मागची तशीच राहू द्या.

काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, त्यातल्या नायट्रेटमुळे झाडं छान वाढतात. फक्त कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर-पुदिन्याची कुंडी त्यातून वगळा.

कारण आता मी जे सांगणार आहे ते या सगळ्या उत्तरात सर्वांत महत्त्वाचं आहे. ताई, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये फिल्टर धुणं आजच थांबवा. अगदी निरोगी कासवाच्या अंगावर आणि पाण्यातही साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. त्यांनी माणसाला तीव्र जुलाब आणि ताप येतो, लहान मुलं आणि म्हातारी माणसं तर त्यात गंभीर आजारी पडतात. अमेरिकेत लहान मुलांना याची लागण मोठ्या प्रमाणात होऊ लागली तेव्हा १९७५ साली तिथल्या सरकारने चार इंचांपेक्षा लहान पाठीची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली. ती बंदी आजही आहे. घाबरून जाण्याचं कारण नाही. टाकीची बादली, नळी, टब, ब्रश वेगळे ठेवा, बाथरूममध्येच वापरा. कासवाला किंवा पाण्याला हात लावला की प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे. मुलीने कासवाचे पापे घ्यायचे नाहीत. सासूबाईंचं वय पाहता त्यांनी टाकीच्या पाण्यात हात घालू नये हे बरं. आजवर ज्या सिंकमध्ये धुतलंत ते आज चांगल्या जंतुनाशकाने घासून काढा.

पाण्याच्या रंगाचं आणखी थोडं. पुढे कधी पाणी हिरवं झालं तर ते शेवाळ, थेट ऊन टाकीवर पडतंय. टाकी खिडकीपासून हलवा किंवा पडदा लावा. हिरवं पाणी कासवाला अपाय करत नाही, त्यामुळे घाबरून सगळं ओतू नका. पिवळसर चहासारखी झाक लाकडाच्या ओंडक्यामुळे किंवा गोळ्यांच्या रंगामुळे येते. फिल्टरमध्ये थोडा अॅक्टिव्हेटेड कार्बन (रंग शोषून घेणारा कोळसा) घातला की जाते, तो महिन्याने बदलावा लागतो. वर तेलकट साय आली तर खाणं जास्त होतंय. पाण्यात पारदर्शक पापुद्रे तरंगताना दिसले तर ते पाठीचे जुने खवले, ती निरोगी वाढ आहे. आणि डोळे सुजून मिटलेले दिसले, खाणं सोडलं, पोहताना एका बाजूला कललं, किंवा पाठ मऊ लागली, तर पाण्याचे प्रयोग करत बसू नका. कासवं बघणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या. साधे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर बहुतेक वेळा कोणाकडे जायचं ते सांगतात.

शेवटी सासूबाईंचं म्हणणं. त्यांच्या मनात दया आहे, म्हणून त्यांना नीट समजावून सांगा. हे कासव आपल्याकडचं नाही, ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. देवळाच्या तळ्यात सोडलं तर एक तर उपासमारीने मरेल, नाहीतर जगेल आणि तिथल्या देशी कासवांचं अन्न, ऊन खायच्या जागा बळकावेल, त्यांना नवे रोगही देईल. जगातल्या सर्वांत घातक १०० परक्या आक्रमक प्रजातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने केली आहे, तिच्यात याचं नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये याची आयात थांबवली. आपल्याकडे केरळात ओढ्या-कालव्यांत अशी सोडून दिलेली कासवं सापडली आहेत. एका जिवाला मोकळं करायला जाऊन तळ्यातल्या कितीतरी जिवांवर संकट आणण्यात पुण्य नाही, हे त्यांना पटेल असं वाटतं.

ज्या वाचकांच्या घरी लाल पट्टा नसलेलं, आपल्याकडच्या नदी-तळ्यातलं किंवा पाठीवर चांदण्या असलेलं कासव आहे, त्यांच्यासाठीही सांगते: देशी कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत आणि ती घरात ठेवणं गुन्हा आहे. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, ते घेऊन जातात.

तुमच्याकडे खरंच जागा किंवा पैसा नसेल, तर ज्यांच्याकडे मोठी टाकी किंवा बंदिस्त हौद आहे अशा जबाबदार माणसाला कासव द्या, आणि ते अजून पंचवीस-तीस वर्षं जगणार आहे, मादी असेल तर ताटाएवढी होणार आहे, हे देताना स्पष्ट सांगा. पण मुलीचं रडणं वाचून मला वाटतं की तुम्ही ते ठेवणार आहात. तसं असेल तर पैसे जमेपर्यंतही थांबू नका. पोळी आणि तुरटी आजच बंद होऊ शकते, खडे आजच निघू शकतात आणि आहे त्या टाकीत पाणी काठापासून चार बोटं खाली येईपर्यंत वाढवता येतं, कासव बाहेर चढून येणार नाही एवढं पाहा. कोरडी जागा त्याच वेळी वर उचला. पुढच्या पत्रात किटचे तीन आकडे, पाण्याची उंची आणि कासव रोज काय खातं ते लिहा, म्हणजे त्यापुढचं नेमकं सांगता येईल.